पाठमोरी शाळा

ही गोष्ट खरी आहे.

पुरावा हवा असेल तर वही आहे. शाळा तपासायला आलेला साहेब जिच्यात शेरा लिहून सही करतो, ती शेऱ्यांची वही. पान सत्तावीस. गुरुवार, २३ जानेवारी १९८६. दुपारचे सव्वादोन.

हो, दुपारचे.

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांनी ठरवून टाकलं, त्यांचा शाळेशी फारसा संबंध आला नसावा. शाळा दिवसाच भरते.

गाव गडचिरोलीच्या आतल्या अंगाला. एसटी तिथं येऊन वळते आणि परत जाते, कारण पुढे रस्ताच नाही. पुढे नाला. नाल्यापलीकडे जंगल. गावाचं नाव सांगत नाही. तिथं अजून माणसं राहतात. आणि त्यांची पोरं...

ते शेवटी.

आधी इमारत.

गावात आठवडी बाजार होता, दवाखाना होता, ग्रामपंचायतीला पत्र्याचं का होईना ऑफिस होतं. गाव म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर लोक हसतील. १९८३च्या जूनमध्ये अंजनाबाई दुर्गे तिथल्या शाळेवर बदलून आल्या. एसटीतून उतरल्या, ट्रंक खाली ठेवली आणि समोर पाहिलं.

समोर भिंत होती.

चाळीस पावलं लांब, चुना मारलेली, कोरी भिंत. दरवाजा नाही. खिडकी नाही. वर कवेलूंचं छप्पर.

"शाळा कुठी आहे, भाऊ?" त्यांनी पानठेल्यावाल्याला विचारलं.

"हेच तं आहे जी. पाठ दाखवून राह्यली तुमाले. तोंड तिकडं आहे तिचं."

तिकडं म्हणजे नाल्याकडं. दरवाजा, खिडक्या, वऱ्हांडा, पायऱ्या, सगळं जंगलाकडे तोंड करून. शाळेत जायचं तर भिंतीला वळसा घालायचा, काट्यांतून खाली उतरायचं, नाल्याच्या काठाकाठानं चालायचं, वळणावरचा डोह ओलांडायचा नाही म्हणून पुन्हा वर चढायचं, आणि मग पायऱ्या. उन्हाळ्यात नाल्याची वाळू होई, पण डोह कधी आटत नसे. पावसाळ्यात तो काठ साबणासारखा. आया पोरी पाठवत नसत.

असं का बांधलं?

उत्तर गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. खुशाल मिस्त्रीनं नकाशा उलटा धरला.

हा विनोद तेव्हा चार वर्षांचा झाला होता आणि गाव त्याला कंटाळलं नव्हतं. खुशाल मिस्त्री चहाच्या टपरीवर आला की कोणीतरी बशीत कप पालथा करून त्याच्यापुढे सरकवायचा. "घे रे उलट्या, पी." खुशाल कप सुलटा करायचा. चहा घ्यायचा. उठायचा.

एक शब्द बोलायचा नाही.

*

अर्ज. ऑगस्ट १९८३. विषय: शाळेची इमारत चुकीने पाठमोरी बांधली गेल्याने गावाच्या बाजूस दरवाजा काढून मिळणेबाबत.

उत्तर आलं नाही.

अर्ज. जानेवारी १९८४. विषय: वरीलप्रमाणे.

उत्तर: इमारत बांधली तेव्हा आपले गाव जुन्या जिल्ह्यात होते. कागद तिकडे मागावेत.

अर्ज. जुलै १९८४. तिकडे.

उत्तर: आपले गाव आता नव्या जिल्ह्यात आहे. इकडे लिहू नये.

अर्ज. डिसेंबर १९८४. विषय: तोच.

उत्तर: मंजूर नकाशाप्रमाणे इमारतीस एक दरवाजा असून तो अस्तित्वात आहे.

बाईंनी ते पत्र तीनदा वाचलं. तो अस्तित्वात आहे. अहो, नाही कोण म्हणालं होतं? त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. भुतानं नव्हे, कागदानं.

मग जून १९८५ मध्ये एक पत्र न मागता आलं. येत्या जानेवारीत तपासणी. वर्गात चाळीस मुलं बसलेली दिसली नाहीत तर शाळा बंद. मुलांनी अकरा किलोमीटरवरच्या शाळेत जावं.

वर्गात रोज सत्तावीस येत.

अकरा किलोमीटर म्हणजे काय, ते बाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पोरं कदाचित जातील. पोरी एकही जाणार नाही. बाईंच्या बापानं वरोऱ्याच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहिल्या आणि पोरीला शिकवलं, कारण शाळा घरापासून हाकेवर होती. ती हाकेवर नसती तर अंजना आज कोणाच्या तरी शेतात धान रोवत असती.

म्हणून दरवाजा. बाकी काही नाही. एक दरवाजा.

*

त्या सत्तावीस पोरांची एक खोड होती.

वर्गात चार टाटपट्ट्या. पोरं तीन पट्ट्यांवर एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी दाटत. चौथी, दाराजवळची, रिकामी.

"सोमारी, मागं सरक. तिथं जागा आहे."

सोमारी तिसरीत. घट्ट वेणी, कोपऱ्यात फुटलेली पाटी. तिनं मागं पाहिलं. मग बाईंकडे.

"जागा नाई जी बाई."

"अख्खी पट्टी मोकळी आहे ना, पोरी!"

"मोकळी नाई. आठ जनं हायेत."

"कोण आठ जण?"

सोमारीनं उघड्या दाराबाहेर हात केला. नाला. पलीकडे मोहाची झाडं आणि मधे एक उघडी जागा, जिथं कधीतरी घरं असावीत.

"चांगले हायेत पोरं," ती म्हणाली. "बोलत नाई पन."

बाईंनी तिला ओरडा दिला. त्यांच्या घरात भूत हा शब्द छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच दारापलीकडे ठेवला होता. त्यांनी दोन पोरांना धरून चौथ्या पट्टीवर बसवलं आणि फळ्याकडे वळल्या. पाढा लिहून मागे पाहिलं...

दोघंही पुन्हा पुढे.

बाईंनी जाऊन पट्टीवर हात ठेवला. ओली होती. छप्पर गळत असेल, त्या म्हणाल्या.

त्या आठवड्यात पाऊस झालाच नव्हता, हे त्यांना नंतर आठवलं.

*

सरपंच बापूरावांनी बाईंचं म्हणणं पंचायतीच्या सभेत घेतलं. मोठा मिश्कील माणूस.

"बाई, दुसरा दरवाजा म्हंजे नकाशात बदल. नकाशात बदल म्हंजे वरची मंजुरी. वरची मंजुरी म्हंजे तुमी रिटायर."

सभा हसली.

"पन..." बापूराव पुढे झुकले. "दरवाजा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला, तं ते दुरुस्ती. दुरुस्ती आपल्या हातात. इकडं फोडू, तिकडं बुजवू. दरवाजा एकचा एक. कागदही खूश, तुमीही खूश."

अडीच वर्षांत बाईंना पहिल्यांदा कोणी 'हो' म्हटलं होतं. त्या 'हो'च्या पोटात काय आहे, ते त्यांनी पाहिलं नाही.

काम खुशाल मिस्त्रीला सांगायचं ठरलं. बाई स्वतः गेल्या. वाटलं, बिचाऱ्याला आपली चूक निस्तरायला मिळेल.

खुशाल अंगणात ओळंब्याचा दोरा गुंडाळत बसला होता. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"इकडचा फोडून देतो, बाई. फुकट फोडून देतो. पन तिकडचा बुजवाले मले नोका सांगू."

"काऊन?"

"नाई म्हनलं नं."

"अहो भाऊ, चूक तुमची. फेरा पोरांना. आणि वर नाही म्हणता?"

त्याचा हात दोऱ्यावर थांबला. एवढंच.

"दुसरा मिस्त्री पाहा," तो म्हणाला.

वैरागडकडचा लच्छू मिस्त्री आला. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांत गावाकडची भिंत फुटली, नवी चौकट बसली. आणि नाल्याकडचं दार विटांनी बंद झालं.

नोव्हेंबर संपला तेव्हा वर्गात त्रेचाळीस पोरं होती. सोळा नवी. त्यांत अकरा पोरी.

बाई जिंकल्या होत्या.

दहा-बारा दिवस.

*

हजेरी चालली होती. शेवटचं नाव झालं. शेवटचं "हजर बाई" झालं. बाईंनी पेनाला टोपण लावलं. आणि...

टप.

जुन्या दाराच्या जागी. विटांवर. बाहेरून.

टप. टप.

भिंतीवर तळवा मारावा तसा आवाज. लहान तळवा.

बाईंनी मोजले. आठ. मग काही नाही.

त्या धावत बाहेर गेल्या, भिंतीला वळसा घातला, वऱ्हांड्यात पोचल्या. कोणी नाही. पायऱ्यांवर सुट्टीपासूनची धूळ, साईसारखी, न मोडलेली.

दुसऱ्या दिवशी हजेरी संपली. टप. आठ वेळा.

तिसऱ्या दिवशी.

चौथ्या दिवशी बाईंनी हजेरी घेतलीच नाही. थेट गणित सुरू केलं. पोरांचं लक्ष फळ्याकडे नव्हतं. सगळी मान मागे वळवून, बुजवलेल्या दाराकडे बघत... वाट पाहत होती.

आवाज आला नाही.

पण विटांवर आतल्या बाजूनं डाग उमटले होते. जमिनीपासून हातभर उंचीवर. ओले. प्रत्येक डागाला पाच बोटं.

"सिमेंट ओलं असते, बाई," बापूराव म्हणाले. "तुमी जेवत जा वेळेवर."

डिसेंबर संपत होता. लच्छूचं सिमेंट वाळून महिना झाला होता.

मग १३ जानेवारीचा सोमवार.

बाईंनी अकराची घंटा दिली. नवं दार उघडं. उन्हाचा चौकोन जमिनीवर. एक मिनिट गेलं. पाच गेली.

कोणी आत आलं नाही.

गोंगाट नाही. पळापळ नाही. त्रेचाळीस पोरांच्या गावात एक आवाज नाही.

बाई भिंतीला वळसा घालून मागे गेल्या...

पोरं तिथं होती. सगळीच्या सगळी. बुजवलेल्या दारासमोर रांगेत उभी, पायऱ्यांपासून खाली नाल्यापर्यंत. पण रांग सलग नव्हती. पाच-सहा पोरं, मग एका पोराएवढी जागा. पुन्हा पाच-सहा, पुन्हा जागा. आणि त्या जागांच्या शेजारच्या पोरांनी हात बाजूला धरलेले, बोटं मिटलेली. कोणाचा तरी हात हातात असावा तशी.

बाईंनी त्या जागा मोजल्या नाहीत. त्यांना माहीत होतं.

"सोमारी! आत चला सगळे!"

"त्याह्यले आत घेत नाई तुमी," सोमारी म्हणाली, "तं आमी कसे जाऊ?"

"वेडी आहेस का?"

"सारे म्हनून राह्यले, मंग त्याह्यच्याच घरी जाऊ. तिकडं."

तिनं वाळूपलीकडे मान केली. रांगेचं शेवटचं टोक, पहिलीतली दोन चिमुरडी, डोहाच्या काठावर पोचलं होतं.

एकाची पावलं पाण्यात होती.

*

बाईंनी पोरांना एकेकाला ओढून वर आणलं, घरी पाठवलं आणि तशाच चिखलानं भरलेल्या चपलांनी खुशालच्या अंगणात उभ्या राहिल्या.

"काय आहे ते सांगा. आत्ता सांगा."

खुशालनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग सांगितलं. फार बोलायची सवय नसलेल्या माणसासारखं, तोडून तोडून.

नाल्यापलीकडे टोला होता. गोंडांची वीस-बावीस घरं. तिथली पोरं नाला ओलांडून गावच्या चावडीत शिकायला येत. १९७६चा जुलै. एकदम लोंढा आला. आठ गेली. डोहात सापडली.

"मंग टोल्यानं अर्ज केला. आमची शाळा आमच्या बाजूनं द्या. लालसू म्हनून म्हातारा होता, त्याचा नातू त्यात गेला होता. तो दर बाजारी गडचिरोलीले जाये अर्ज घेऊन. आन मंजूर झाली, बाई. शाळा टोल्याची होती."

"मग इकडं कशी?"

खुशाल हसला. बाईंनी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"सिमेंटची गाडी नाल्यापार जात नाई म्हने. गावानं ठरवलं, इथीच बांधून टाका. बांधली. लालसू आला पाहाले. भांडला नाई. मले म्हने, मिस्त्री, शाळा नेली तं नेली. तोंड तेवढं आमच्याकडं ठेव. लेकरं येतील तं त्याह्यले दार दिसलं पायजे."

खुशालनं आपल्या हातांकडे पाहिलं.

"नकाशा मले समजते, बाई. सुलटाच धरला होता. मंग हातानं फिरवला."

"आणि सात वर्षं लोक हसतात..."

"हसून राह्यले ते बरं आहे. हसले नसते तं इचारलं असतं. इचारलं असतं तं दार तवाच बुजवलं असतं." त्यानं ओळंब्याचा दोरा उचलला. "टोला उठून गेला. लालसूही गेला. बोलनारा कोन राह्यला मंग?"

बाईंना आपले अर्ज आठवले. 'चुकीने पाठमोरी बांधली गेल्याने.' चार वेळा लिहिलं होतं. सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी खुशाल घण घेऊन आला. बाईंनी स्वतः विटा उचलल्या. शेवटची वीट निघाली तेव्हा नाल्याकडून वारा आत आला, पट्टीची कड जरा हलली, आणि वर्गातलं एक पोर दुसऱ्याला म्हणालं, "सरक नं बे."

ते आपसातच म्हणालं असेल.

बापूराव तासाभरात हजर.

"दोन दरवाजे! बाई, साहेब पुढच्या गुरवारी येऊन राह्यले! काय दाखवता त्याहिले, धर्मशाळा?"

"तुम्ही टोल्याची शाळा इकडे आणली, ते मला कोणी सांगितलं नाही."

बापूरावांचं तोंड मिटलं. मिश्कीलपणा गेला की तो माणूस एकदम म्हातारा दिसे.

"ते जुनं झालं," ते म्हणाले. "अन तुमाले जे करायचं ते करा. आमचे पोरं येनार नाई."

त्यांच्या भावकीतली बारा पोरं दुसऱ्या दिवसापासून बंद. त्रेचाळीसातून बारा.

एकतीस.

*

गुरुवार.

ठवरे साहेबांची जीप दोनला आली. थकलेले, धुळीनं भरलेले, सकाळपासून तीन शाळा करून आलेले. त्यांना कधी एकदा परत निघतो असं झालेलं.

बाईंनी हजेरी घेऊन ठेवली होती. एकतीस. विटा निघाल्यापासून टपटप थांबली होती. चौथी पट्टी दाराजवळ पसरलेली. रिकामी.

त्या उभ्या होत्या आणि मनात बेरीज करत होत्या. एकतीस आणि आठ, एकोणचाळीस. मग त्यांना स्वतःची लाज वाटली. मेलेल्या पोरांना धरून बेरीज! आणि तशी धरूनही एक कमीच.

साहेब वर्गातून चालत मागच्या दारात गेले, नाल्याकडे पाठ करून उभे राहिले आणि पेन पोरांवरून फिरवू लागले. ओठ हलत होते. पेन तिसऱ्या पट्टीवर आलं. एकतीस. आता थांबेल...

पेन थांबलं नाही.

चौथ्या पट्टीवरून फिरलं. टोकापर्यंत गेलं.

साहेबांनी पुन्हा मोजलं.

"चाळीस," ते म्हणाले. "काठावर पास झालात, बाई."

"साहेब... हजेरीत एकतीस आहेत."

"मग हजेरी नीट घेत जा. मी डोळ्यांनी मोजली." त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "ही आठ जणं ओली काऊन आहेत हो? निथळून राह्यली पार. थंडीचे दिवस आहेत. नाल्यात जाऊ देता का यांना?"

बाईंनी पट्टीकडे पाहिलं.

"ते शेवटचं तेवढं कोरडं आहे," साहेब म्हणाले. "शहाणं दिसते."

"कोणतं... साहेब?"

पण ते वही मागत होते. उभ्या उभ्या लिहिलं.

'पट ४३. उपस्थिती ४०. शाळा सुरू ठेवण्यास हरकत नाही. मागील ओळीतील मुलांना कोरडे कपडे मिळावेत.' सही. तारीख.

जाताना त्यांनी दोन्ही दारांकडे पाहिलं. बाई म्हणणार होत्या, साहेब, त्याचं असं झालं...

"दोन दरवाजे आहेत, बरं आहे," साहेब म्हणाले. "चाळीस पोरं एका दारातून कशी निघतील?"

जीप गेली. अडीच वर्षांचे अर्ज, आणि उत्तर जांभई देता देता मिळालं.

बाईंना हसू आलं. मग ते थांबेना. मग ते हसू राहिलं नाही.

*

शाळा वाचली. गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं.

पण आठ आणि एकतीस एकोणचाळीस होतात.

फेब्रुवारीत बाई खुशालला घेऊन लालसूच्या शोधात गेल्या. ज्यांच्या डोक्यांवर शाळा टिकली त्यांची नावं तरी हजेरीत असावीत, एवढंच मनात होतं. दोन एसट्या बदलून, मग पायी. म्हातारा बांबूच्या कामावर गेलेल्या लेकाकडे राहत होता. डोळ्यांत फूल पडलेलं. खुशालचा आवाज त्यानं ओळखला.

"दार हाय का रे, मिस्त्री?"

"हाय."

लालसूनं नावं सांगितली. बाईंनी लिहून घेतली. पहिलं नाव पोचू, त्याचा नातू. आठ झाली आणि तो थांबला.

"नववं?" बाईंनी विचारलं.

"आठच गेले, बाई."

"साहेबांनी नऊ पाहिली. आठ ओली होती. एक कोरडं होतं."

म्हातारा आधी भलतंच बोलला.

"अजून वाळले नाई का ते..."

अंगणात कोंबडी माती उकरत होती.

"कोरडं म्हनते नं तुमी?" लालसूनं पांढरे डोळे बाईंकडे वळवले. "मंग ते आमचं नाई. तुमच्या गावातलं हाय."

"गावातलं एकही पोर गेलं नाही. मी विचारलं."

"हाव," लालसू म्हणाला. "तेच सांगतो मी. ते अजून गेलं नाई पान्यात. जागा धरून बसलं हाय."

*

अर्ज. मार्च १९८६. विषय: शाळेमागील नाल्यावर पूल व डोहास कठडा बांधून मिळणेबाबत.

अर्ज. जुलै १९८६. विषय: वरीलप्रमाणे. तातडीचे.

अर्ज. जून १९८७. तातडीचे.

अर्ज. जून १९८८.

पोरांना डोहाकडे जाऊ नका म्हणून सांगून काय होतं? पलीकडे मोह आहे, टेंभरं आहेत. पोरं जातातच. बाई दिवसातून चारदा मोजू लागल्या. घंटेला, सुट्टीत, सुट्टीनंतर, घरी जाताना. लोक म्हणत, बाईचं डोकं फिरलं. बापूरावांच्या भावकीतली पोरं परत आली, कारण हाकेवरची शाळा कोणाला नको असते? बाईंनी त्यांनाही मोजलं. प्रत्येकाच्या तोंडाकडे त्या एकदा थांबून बघत. तू का? की तू?

टपरीवर खुशालपुढे पालथा कप यायचाच. एकदा बाई तिथून जात होत्या. त्या थांबल्या, त्यांनी तो कप सुलटा केला आणि चहा ओतायला लावला. खुशालनं हळूच मान हलवली. नको, बाई. हसू द्या.

आणि चौथी पट्टी.

रोज सकाळी बाई आधी तिच्याकडे जात. आठ ठिकाणी ओल. तिला हात लावायची त्यांना आता भीती वाटत नसे. भीती होती ती टोकाच्या जागेची. तिथं पट्टीवर कधी धूळ बसत नसे. कोणीतरी रोज बसून उठावं तशी ती जागा स्वच्छ. बाई तिथं तळवा टेकवत. श्वास धरून.

कोरडी.

मग श्वास सोडत. मग घंटा देत.

त्यांची बदली झाली तेव्हा नव्या मास्तरांना त्यांनी चाव्या दिल्या, खडूचा डबा दिला, आठ नावांची चिठ्ठी दिली. आणि चौथ्या पट्टीच्या टोकाशी नेऊन, त्यांचा हात धरून, खाली टेकवून दाखवला. रोज. घंटेच्या आधी. मास्तर हसले. तरणे होते.

शेवटच्या अर्जाला मात्र उत्तर आलं होतं. तो कागद बाईंनी वरोऱ्याला सोबत नेला. अजून आहे. मार्च १९८९. दोन ओळी. एका शब्दाखाली बाईंची पेन्सिल इतक्या वेळा फिरली आहे की कागद तिथं फाटायला आला आहे.

'सदर नाल्यात गावातील एकही मूल आजवर बुडाल्याची नोंद नाही. सबब पुलाची आवश्यकता दिसून येत नाही.'

शब्द आहे, आजवर.